धाकटीची जागा

माझं नाव देवयानी. हे आधीच सांगून ठेवते, कारण परवानंतर ते सांगायला मिळेल की नाही, याचा भरवसा नाही. घर इंदूरला, रामबागेत. बी.कॉम. झालेली आहे, लग्न झालेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर मी तिखट बोलते. आई म्हणते, तुझ्या जिभेला हाड नाही. खरंच नाही. हे सगळं त्या जिभेनंच ओढवून घेतलंय.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. ज्या ट्रॅव्हल एजन्सीत मी तिकिटं काढत बसायचे, ती बंद पडली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई, म्हणजे सुलोचनाबाई, शाळेतून रिटायर झालेली. तिच्या पेन्शनीवर बसून खायचं मला जिवावर यायचं. अशात कळलं की शहराबाहेर राऊ गावात एका सेंटरवर सरकारी सिलाईचं ट्रेनिंग मिळतं, मोफत, आणि पास झालं की कपड्यांच्या फॅक्टरीत काम. फुकट म्हटलं की आपल्या लोकांची नाकं मुरडतात. एक मावशी म्हणाली, "ग्रॅज्युएट होऊन टेलर होणार का गं?" मी म्हटलं, "हो, आणि तुमचं पोलकं सगळ्यात आधी उसवीन."

फॉर्म ऑनलाइनच्या दुकानात भरला. आधार, मध्यप्रदेशचा समग्र आयडी, दहावीची मार्कशीट, ओटीपी, सगळं झालं. अट एकच होती, अर्ज करताना वय एकोणतिसाच्या आत हवं. मला एकोणतीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते. म्हणजे ही बॅच गेली की संपलं, पुन्हा अर्ज नाही. शेवटचं एक काम बाकी होतं. सेंटरवर जाऊन टॅबलेटवर चेहऱ्याचा फोटो द्यायचा, की अर्ज पक्का. त्याची शेवटची तारीख आली ती नेमकी महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशी.

भाद्रपदातल्या गौरींना आमच्याकडे महालक्ष्मी म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, थोरली आणि धाकटी. पहिल्या दिवशी त्यांना घरात आणायचं, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवण, तिसऱ्या दिवशी डोक्यावर अक्षता टाकून निरोप. आणताना एकीनं मुखवटा कडेवर घेऊन दाराबाहेर उभं राहायचं आणि दुसरीनं आतून विचारायचं, कोण आलं, कशाच्या पावली आलं. आमच्या घरी आत आई आणि बाहेर मी, हे लहानपणापासून ठरलेलं.

"दिवस मावळायच्या आत ये," आई म्हणाली. "मी काय एकटी आणू त्यांना?"

"दुपारी येते," मी म्हटलं.

राऊचं सेंटर एका हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. सकाळपासून आम्ही पोरी रांगेत आणि सर्व्हर बंद. सेंटर चालवणारे विजय सर दर थोड्या वेळानं बाहेर येऊन हात जोडायचे. "अरे भिया, मी काय करू? ऊपर से ही डाउन आहे. जरा धीर ठेवा ना." दुपार गेली. चार वाजले, पाच वाजले. आईचे फोन येत होते आणि मी ते उचलत नव्हते. उचलून सांगणार तरी काय होते?

तेवढ्यात खाली टेम्पो आला. साड्यांचं एक दुकान बंद पडलं होतं, तिथली एक पुतळी सरांनी मापं घ्यायला म्हणून मागवली होती. फायबरची, माझ्याच उंचीची, गोरीपान, लांब बोटांची, डोळे अर्धवट मिटलेले. ती वर कोण नेणार? सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला कमरेत धरून जिना चढले आणि दाराशी आले, तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि रडूही. घरी याच वेळेला मी धाकटीला घेऊन दारात उभी असते.

माझ्यामागे रांगेत होती ती खुशी, हातोदची. तिच्याकडेही महालक्ष्म्या बसतात. मी तिला म्हटलं, "ए, आत जा आणि विचार मला."

"काय विचारू?"

"आज काय विचारतात?"

ती समजली आणि खिदळत आत गेली. "कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावली आली?"

"सरकारी पावली, फुकटच्या पावली!"

सगळ्या पोरी हसल्या. खुशीला आणखी चेव आला. "एकटीच का यार? जोडीची कुठंय?"

"ही थोरली," मी म्हटलं. "धाकटी मी."

मी पुतळीला उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि त्याच क्षणी सर ओरडले, "आला, सर्व्हर आला! देवयानीजी, तुमचाच फॉर्म ओपन आहे, हलू नका, ऐसेच!" पुतळीचा गाल माझ्या गालाला लागलेला होता. टॅबलेटवर हिरवी चौकट उमटली, टिंग वाजलं, अर्ज पक्का झाला. चौकट कुणाच्या चेहऱ्यावर आली ते मी पाहिलं नाही. मला घरी जायची घाई होती.

घरी पोचले तेव्हा दोघी महालक्ष्म्या बसल्या होत्या. आई माझ्याशी बोलत नव्हती. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "मीच बाहेर गेले आणि मीच आत आले. मीच विचारलं, मीच उत्तर दिलं. त्या धांदलीत धाकटीच्या मुखवट्याला चीर गेली. शेजारची पोरं हसली मला." मला इतकं वाईट वाटलं की सेंटरवरची गंमत तिला सांगायची हिंमत झाली नाही. सांगितली असती तर तिनं तिथल्या तिथे उपाय सांगितला असता.

ट्रेनिंग सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी भानगड कळली. सकाळी टॅबलेटसमोर चेहरा धरायचा, मग हजेरी लागते. माझा चेहरा जुळेना. चष्मा काढला, केस मागे बांधले, खिडकीपाशी उभी राहिले, काही उपयोग नाही. दोन-तीन दिवस असेच गेले. अशी गैरहजेरी पडत राहिली की नाव आपोआप कटतं, सरांनी सांगितलं. मग खुशीनं थट्टेत टॅबलेट कोपऱ्यातल्या पुतळीकडे फिरवला. टिंग. देवयानी, उपस्थित.

सर खुर्चीत बसले. "ये तो गडबड झाली."

"दुरुस्त करा ना मग."

"दुरुस्ती म्हणजे हा अर्ज कॅन्सल आणि नवीन भरायचा. आणि तुमची एज आता बसत नाही, देवयानीजी." मग ते आवाज खाली करून म्हणाले, "एक काम करू. हिला दाखवत जाऊ. तुम्ही तर रोज येताच ना. कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचंच काही बिघडत नव्हतं. मी रोज येत होते, शिकत होते. रोज सकाळी सर टॅबलेट पुतळीसमोर धरायचे आणि मी तिच्या शेजारी उभी राहून हो म्हणायचे. पोरी तिला ताई म्हणायला लागल्या. कुणी जाता-जाता तिच्या कपाळाला टिकली लावायची.

दिवाळीनंतर एका मावसभावाच्या साखरपुड्याला मला मानपुरला जावं लागलं. हजेरीची काळजी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी आले तर शिकवणाऱ्या मधुरिमा मॅडम म्हणाल्या, "काल बाहीचं तू मस्त विचारलंस. असे प्रश्न विचारत जा."

"काल मी नव्हते, मॅडम."

त्या हसल्या. मी खुशीकडे पाहिलं. ती कापड कापत होती. "होतीस की," ती म्हणाली. "माझ्याच बाजूला तर बसली होतीस. जरा शांत होतीस, बस."

मला वाटलं दोघी मिळून माझी फिरकी घेतायत. पण माझ्या मशीनवर मी अर्धी सोडलेली बाही पूर्ण लावलेली होती. आणि शेवटाला टाका दोनदा मागे घेतलेला होता, ज्यावरून मॅडम मला रोज बोलायच्या. ती माझी खोड होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. ताप असला तरी जायचे. पण जाऊनही काही फरक पडेना. मी काही विचारलं तर मॅडम उत्तर द्यायच्या पुतळीच्या बाजूला बघून. राऊहून परतताना मी हात दाखवला तरी मॅजिक टेम्पोवाला थांबायचा नाही, आणि मागून आलेल्या बाईसाठी थांबायचा. मी त्याला शिव्या घालायचे. त्याही त्याला ऐकू जात नसाव्यात.

एकदा भाजी चिरताना आईनं माझा हात हातात घेतला. "हात किती गुळगुळीत झालेत गं तुझे," ती कौतुकानं म्हणाली. मी हात उजेडात धरून पाहिला. मशीनवर शिकणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचं पहिलं बोट सुईनं टोचून टोचून खरखरीत होतं. माझंही झालं होतं. आता त्यावर एक खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी सेंटरवर गेले आणि पुतळीचा डावा हात उजेडात धरला. पहिल्या बोटाच्या टोकाला बारीक बारीक भोकं होती. आणि फायबर थंड असायला हवं होतं, तसं नव्हतं.

त्या रात्री मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती डॉक्टरकडे नेईल. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"पाठवलीस का तिला?"

"कुणाला?"

"जिला आणलीस तिला. आवाहन केलंस ना तू? उंबऱ्यावर उभं राहून, त्या दिवशी, त्या वेळेला. मग तिसऱ्या दिवशी अक्षता कोण टाकणार होतं?" आईनं कपाळावर हात मारला. "पाहुणीला या म्हणायचं आणि निरोपच द्यायचा नाही, तर ती जाईल कुठं? घरचीच होऊन राहणार ना. त्यात एकटी आणलीस. आणि जोडीला स्वतःला दिलंस, कारटे!"

"मी गंमत केली गं."

"तिला काय माहीत गंमत?"

परीक्षा दोन दिवसांवर आली होती. बाहेरून परीक्षक येणार होते, त्यांचा टॅबलेट वेगळा. त्यांच्यासमोर पुतळीला उभं करता येणार नव्हतं, आणि माझा चेहरा जुळला नाही तर केलेलं सगळं पाण्यात. परीक्षेच्या दिवशी सकाळी आईनं मला डब्यात दहीभात भरून दिला, अक्षतांची पुडी दिली आणि दारापर्यंत येऊन बजावलं, "दहीभात हातावर ठेव, अक्षता टाक, जागेवरून थोडी हलव. जा म्हण. पण नेहमीसारखं पुढच्या वर्षी ये म्हणू नकोस. काही झालं तरी ते म्हणू नकोस."

सेंटर उघडल्या उघडल्या मी तिच्यासमोर उभी राहिले. तिच्या अंगावर आमच्याच बॅचनं शिवलेला ब्लाउज होता, काखेत घामाचा डाग होता. मी तिच्या हातावर दहीभात ठेवला. माझी भीती एकदम गेली आणि मला तिची दया आली. एवढे महिने बिचारी एकटी उभी होती, कुणी तिला घासभर जेवूही घातलं नव्हतं. मी डोळे मिटले, अक्षता टाकल्या आणि तिला खांद्याला धरून हलवलं. आणि लहानपणापासून दर वर्षी हे करताना जे म्हणत आले, ते तोंडातून निघून गेलं. "ये हो पुढच्या वर्षी."

शब्द बाहेर पडले आणि मी तोंडावर हात ठेवला. पण ती नुसती पुतळी होती. हात लावला तर गार.

परीक्षकांच्या टॅबलेटनं मला पहिल्या झटक्यात ओळखलं. टिंग, देवयानी, उपस्थित. मी तिथंच रडले, आणि ते गृहस्थ घाबरून म्हणाले, "अरे मॅडम, पेपर इझी आहे." मी पास झाले. विजय सरांनी पुतळी भंगारवाल्याला देऊन टाकली. महिन्याभरात मला फॅक्टरीत काम लागलं, माझी मशीन मिळाली, बोटाला पुन्हा टोचल्याच्या खुणा आल्या. त्या खुणा मी रात्री अंगठ्यानं चाचपून बघायचे आणि मला शांत झोप लागायची. आईला मी खोटंच सांगितलं, की ते शेवटचं वाक्य मी म्हटलं नाही.

मग वर्ष फिरून भाद्रपद आला.

आज आवाहन. मी अर्धा दिवस काम करून घरी यायचं ठरलं होतं. सकाळी फॅक्टरीच्या गेटवर हजेरीच्या मशीनसमोर चेहरा धरला. लाल दिवा लागला आणि आतली बाई बोलली, "आपकी हाज़िरी दर्ज हो चुकी है." मी पुन्हा धरला. तेच उत्तर. गार्डनं माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. तो शेजारच्या माणसाला म्हणत होता, "वो देवयानी मॅडम तो आके चली भी गईं. बोलीं, घर पे महालक्ष्मी आ रही है."

मी घराकडे निघाले. एकही रिक्षा थांबेना, बस थांबेना. सगळा रस्ता पायी आले. पाय दुखायला हवे होते, पण दुखत नव्हते. फोन काढून आईला लावायचा प्रयत्न केला, तर काचेवर माझं बोट उमटेना. रामबागेत शिरले तेव्हा ऊन उतरलं होतं.

आमच्या दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती, ओली. पायरीवर ती उभी होती. माझी हिरवी साडी नेसलेली, केसांत गजरा, डाव्या बोटाच्या टोकाला टोचल्याच्या खुणा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी तिला जसं कमरेत धरलं होतं तसंच तिनं मला धरलं आणि उचललं. मी किती हलकी झाले होते ते मला तेव्हा कळलं.

"आई," ती माझ्या आवाजात म्हणाली, "धाकटीच्या मुखवट्याला चीर गेली होती ना, म्हणून नवीनच आणली. अख्खी उभी. चालेल ना गं?"

"तू आणलीस तर चालेल," आतून आई म्हणाली. तिचा आवाज आनंदी होता. यंदा तिला एकटीला करावं लागलं नाही. "थांब, विचारते. कोण आलं?"

आई, मी आले, असं मला ओरडायचं होतं. ओठ हलले नाहीत.

"महालक्ष्मी आली," ती म्हणाली.

"कशाच्या पावली आली?"

"सोन्याच्या पावली आली."

आईनं माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, मला ओवाळलं. तिचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले आणि क्षणभर ती थबकली. "यंदाची धाकटी किती जिवंत दिसते गं," ती म्हणाली, आणि मला हात जोडले. माझी आई माझ्या पाया पडली. मग दोघींनी मिळून मला थोरलीच्या शेजारी उभं केलं, नवी साडी नेसवली, निऱ्या नीट बसल्या की नाही ते पाहिलं.

आता मी इथं आहे. समोर समई आहे, उद्या पुरणाचं ताट येईल. आत स्वयंपाकघरात ती आईला भाज्या चिरून देतेय आणि आई तिला फॅक्टरीच्या गोष्टी विचारतेय. ती चांगलं बोलते, माझ्यासारखं तिखट नाही. आईला बरं वाटत असणार.

परवा अक्षता पडतील. मघाशीच मी तिला बोलताना ऐकलं. "आई, निरोप देताना हिला पुढच्या वर्षी ये म्हणू नकोस हं. नवीन आहे ना, चालत नाही म्हणतात." आई म्हणाली, "बरं बाई, नाही म्हणणार."

पण म्हणेल. हातात अक्षता आल्या की आईच्या तोंडून ते आपोआप निघतं, माझ्याही निघालं होतं. मी तिचीच मुलगी आहे. आता माझी सगळी भिस्त आईच्या त्या सवयीवर आहे.